सुटत नाही ती पकड

घराण्यात एकामागून एक माणसं डायलिसिसवर जातात. मधुमेह नाही. लघवीत प्रथिनं नाहीत, रक्त नाही. सोनोग्राफीतही बोट ठेवावं असं काही दिसत नाही. फाइलवर ‘कारण अज्ञात’ एवढंच लिहिलं जातं. अशा काही घराण्यांतलं सदोष जनुक अखेर २०१३ मध्ये सापडलं : एमयूसी-१. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचा त्यासाठी चांगलाच कस लागला. या जनुकात ६० अक्षरांचा जवळपास तोच मजकूर पुन्हापुन्हा येतो. त्यात एके ठिकाणी सलग सात ‘सी’ असतात, तिथे आठवा घुसला होता. डीएनए वाचणारी नेहमीची पद्धत असल्या पुनरावृत्तीत हमखास चकते.

एका जादा अक्षरामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि भलतंच प्रथिन तयार होतं. पण त्यामुळे मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी मरतात कशा? संशोधक ॲना ग्रेका यांच्या गटानं २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दिलेलं उत्तर मला जनुकाच्या शोधाहून मोठं वाटतं. पेशीतही हमाल असतात. टीएमईडी-९ हे प्रथिन त्यांतलंच. घडी बिघडलेला माल ते उचलतं, पण खाली ठेवतच नाही. माल ना पुढे जातो, ना लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचराभट्टीत, मोडीत निघतो. तो साचत जातो आणि पेशी खचते. हजारो रेणू चाळल्यावर बीआरडी-४७८० हा रेणू हाती लागला. तो टीएमईडी-९ला चिकटला की पकड सुटते आणि साचलेलं प्रथिन लायसोसोममध्ये नष्ट होतं. उंदरांत आणि रुग्णांच्या पेशींपासून वाढवलेल्या इवल्याशा मूत्रपिंड-प्रतिकृतींत हे दिसून आलं.

आता मेंदूकडे. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन या आजारांतही बिघडलेल्या घडीची प्रथिनं साचतात. आणि चेतापेशी विभागत नसल्यानं तो साठा वाटलाही जात नाही. ग्रेकांच्या गटानं बीआरडी-४७८० हाच रेणू मूत्रपिंडाबाहेर, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींवरही वापरून पाहिला. अंधत्व आणणारं सदोष ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन तिथे साचलं होतं, तेही कमी झालं. म्हणून लगेच ‘अल्झायमरवर औषध’ असे मथळे देणं मात्र उतावीळपणाचं. अल्झायमरमध्ये साचणारं टाऊ आणि पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्यूक्लिन ही प्रथिनं टीएमईडी-९च्या वाटेनं जातच नाहीत. त्यांची अडवणूक वेगळी, तिच्यावरचा तोडगाही वेगळा शोधावा लागेल.

तोवर एवढं करा : घरात दोन-तीन पिढ्यांत कारण न कळता मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर लघवीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबू नका. रक्तातलं क्रिएटिनिन तपासा आणि मूत्रपिंडतज्ज्ञांना घराण्याचा सगळा इतिहास सांगा. नेहमीच्या जनुकीय चाचणीतून एमयूसी-१चा दोष निसटू शकतो, तेव्हा त्याची वेगळी चाचणी करता येईल का, हेही विचारा.