मिरचीला पाणी, लव्हेंडरला ऊन

सकाळी सव्वासहा. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. पुण्यात या दिवसांत सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. गच्चीवर आलं की पहिलं काम बोटाचं: प्रत्येक कुंडीत तर्जनी दोन पेरं खुपसून बघायची. मिरचीची माती वर कोरडी आणि आत गार लागली की ठीक. लव्हेंडरची मात्र आतपर्यंत सुकलेली हवी. बोटाला जराशी ओल लागली तरी त्या कुंडीकडे झारी न्यायची नाही. या बागेत निम्मं काम पाणी घालण्याचं आणि निम्मं न घालण्याचं. दुसरं जास्त अवघड.

सात. मिरच्यांना पाणी बुंध्याशी, सावकाश, तळाच्या भोकातून थेंब दिसेपर्यंत. लवंगी भरभरून लागली आहे, ब्याडगी लालीवर आली आहे. भूत जोलकियाची रोपं अजून पिशव्यांतच. तिचं बी उगवायला कधी कधी महिनाही घेतं. ईशान्येतली ही मिरची २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेली, दहा लाख स्कोव्हिलच्या वर. तो मान आता तिच्याकडे नाही. २०२३ साली पेपर एक्स नावाच्या अमेरिकी वाणानं सव्वीस लाख ओलांडले. इतकं तिखट खायचं कशाला, हा प्रश्न आमच्या घरात रोज निघतो. लावायला मात्र मजा येते.

आठ. दव सुकलंय, ऊन अजून तापलं नाही. लव्हेंडरचे तुरे कापायची हीच वेळ. तुऱ्यातली पहिली दोनचार फुलं उमललेली आणि बाकी कळ्या असतील तेव्हा वास सगळ्यांत चांगला टिकतो. माझं झाड दातेरी पानांचं, फ्रेंच म्हणतात ते. वासात कापराची झाक असते, पण पुण्यात तग धरतं. नर्सरीत ‘इंग्लिश’ म्हणून मिळणारं थंड हवेचं. जम्मूच्या भदरवाहमध्ये शेतकरी त्याची शेती करतात, तिथं त्याला हवी तशी थंडी आहे. आपल्याकडे लव्हेंडर उन्हानं मरत नाही, जुलैनं मरतं. म्हणून मातीची कुंडी, मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू, चिमूटभर चुना, आणि पावसाळाभर मुक्काम पत्र्याखाली.

गंमत अशी की याच लव्हेंडरची रानटी भावंडं आपल्या सह्याद्रीत आहेत. एक घोडेघुई. दुसरीच्या शास्त्रीय नावात गिब्सन आहे, म्हणजे दापोडीच्या जुन्या सरकारी बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन. ती डोंगरउतारावर वाढतात, पाणी वाहून जातं तिथं. मी कुंडीत वाळू घालून दुसरं काय करते?

साडेनऊ. भिंग घेऊन पानांच्या मागची बाजू. मिरचीचं पान वरच्या बाजूला वळून द्रोणासारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी. दोघांनाही लोक एकाच नावानं, चुरडा-मुरडा म्हणून ओळखतात आणि एकच औषध मारतात. आज ब्याडगीचे दोन शेंडे वर वळलेत. निळा चिकट सापळा लावला. निंबोळी अर्क संध्याकाळी. आत्ता लव्हेंडरवर फुलोरी माश्या आल्या आहेत, त्यांच्या अंगावर फवारायचं नाही. त्या मिरचीच्या फुलांवरही चक्कर मारून जातात.

अकरा ते तीन गच्ची सासूबाईंची. बाजारातून आणलेल्या जाड, कमी तिखट मिरच्यांना चीर देऊन, मेथी-हिंग-मीठ भरून सांडगी मिरच्या वाळत घातल्या आहेत. आमची लवंगी त्यांनी ठेच्यासाठी राखली. “अगं, हाताला आधी तेल लाव,” त्या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तो बियांमध्ये नसतोच, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटतात त्यात असतो.

चार. खालच्या मजल्यावरचा मुलगा ढोबळीची कुंडी घेऊन वर. “काकू, ही जोलकियाशेजारी ठेवली तर तिखट होईल का?” यंदाचं फळ नाही होणार, त्याला सांगितलं. पण परागकण मिसळले तर या फळाच्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल त्याची हमी नाही. बियाणं धरायचं असेल तर फूल उमलायच्या आधीच मलमलची पिशवी बांध. तो जरा हिरमुसलाच.

साडेसहा. फवारणी. पंधरा दिवसांत पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरचीची फुलं गळायला लागतील, म्हणून हिरवी जाळीही काढून ठेवली.

रात्री नऊ. उद्यापासून दोन दिवस मी नाशिकला. यांना सांगितलं, मिरच्यांना रोज सकाळी पाणी, लव्हेंडरला काही नाही.

“अगदीच काही नाही? बिचारं सुकल्यासारखं दिसतंय गं.”

मिरच्यांचं पाणी बाटल्यांमध्ये मोजून भरून ठेवलं आणि झारी कपाटात टाकून कुलूप लावलं.