आजाराचं मूळ कोणी शोधायचं?

लेखमाला : वर्दी उतरल्यावर – भाग ९

मेडिकल बोर्डाच्या फॉर्मवर आजाराच्या नावापुढे तीन प्रश्न असतात. हा आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे बळावला का? की सेवेशी त्याचा संबंधच नाही? समोर ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि कारण लिहायला जेमतेम ओळ-दोन ओळींची जागा. वीस-बावीस वर्षं फौजेत काढलेल्या जवानाला त्या दिवशी घराची ओढ असते. क्लिअरन्सचे कागद फिरवायचे असतात, पेन्शनचे फॉर्म भरायचे असतात, गाडीचं रिझर्वेशन झालेलं असतं. बोर्डाने काय लिहिलं ते न वाचताच सही होते. मग तो कागद डिस्चार्ज बुक आणि पेन्शनच्या आदेशासोबत (पीपीओ) पत्र्याच्या पेटीत जातो आणि तिथेच राहतो.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत अशा पेट्या भरपूर. फौजी आंबवडे या गावाच्या नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरांतून माणूस सैन्यात जात आला. मराठा लाइट इन्फन्ट्री असो की महार रेजिमेंट, सावित्री नदीच्या खोऱ्याने दोन्हीकडे माणसं दिली. त्यामुळे मागच्या भागानंतर आलेला प्रश्न इथल्या अनेकांचा आहे: ‘बोर्डाने आजार सेवेशी संबंधित नाही असं लिहिलंय. आता तो सेवेमुळेच झाला हे मी सिद्ध कसं करू?’

या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं लांब, व्हिएतनामला जाऊन यावं लागेल.

अमेरिकी हवाई दलाने १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर विमानांतून तणनाशकं फवारली. एकूण सुमारे साडेसात कोटी लिटर. झाडं उघडी पडली की शत्रूला लपायला जागा उरत नाही आणि भातशेती जळली की त्याला खायला मिळत नाही, असा हिशेब होता. २०८ लिटरच्या ज्या पिंपांवर नारिंगी पट्टा असे, त्यातल्या रसायनाला ‘एजंट ऑरेंज’ म्हणत. टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी या दोन तणनाशकांचं ते निम्मं-निम्मं मिश्रण. यातलं दुसरं बनवताना तापमान हाताबाहेर गेलं की डायॉक्सिन नावाचं अत्यंत विषारी द्रव्य तयार होतं, आणि माल घाईने काढायचा असल्याने ते पिंपापिंपांत उतरलं. इटलीतल्या सेव्हेसो गावात १० जुलै १९७६ रोजी कारखान्यातून जो ढग बाहेर पडला, त्यातही हेच डायॉक्सिन होतं.

(भाताच्या खाचरात टू-फोर-डी मारणाऱ्यांनी इथे दचकायचं कारण नाही. एजंट ऑरेंजमधलं डायॉक्सिन आलं ते टू-फोर-फाइव्ह-टीमधून, आणि त्या रसायनाला भारतात नोंदणी नाकारलेली आहे. पण म्हणून उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर फवारणी करावी असंही नाही. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेतकरी आणि मजूर दगावले, ते या राज्याने पाहिलंय.)

अमेरिकी सैनिक घरी परतले. काहींच्या अंगावर क्लोरॲक्ने नावाचे हट्टी फोड आले होते, पण बाकीचे आजार यायला दहा-वीस वर्षं जावी लागली. गोळी लागली तर जखम त्याच दिवशी दिसते आणि युनिटच्या दप्तरात तिची नोंद होते. रसायनाची जखम माणूस पन्नाशीला आला की कर्करोग होऊन उगवते, तेव्हा समोरचा डॉक्टर विचारतो, ‘विडी-सिगरेट ओढता का?’ १९७७ च्या सुमारास शिकागोमधल्या माजी सैनिक खात्याच्या कचेरीत मॉड डीव्हिक्टर नावाच्या कर्मचारी बाईंच्या लक्षात आलं की व्हिएतनामहून आलेल्यांच्या अर्जांत तेच ते आजार पुन्हा पुन्हा येतायत. पुढच्याच वर्षी पॉल रॉयटरशॅन या हेलिकॉप्टरवरच्या सैनिकाने रसायन कंपन्यांवर दावा ठोकला. सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिकाला स्वतःच्या सरकारवर दावा लावता येत नाही, असा तिथला न्यायालयीन दंडक. म्हणून कंपन्या. रॉयटरशॅन त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये कर्करोगाने गेला, पण दावा वाढत जाऊन हजारो सैनिकांचा झाला.

७ मे १९८४ रोजी, खटला उभा राहायच्या दिवशीच तडजोड झाली. कंपन्यांनी १८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, चूक मात्र कबूल केली नाही. आकडा मोठा वाटतो. सुमारे ५२ हजार जणांत वाटला तेव्हा माणशी सरासरी ३,८०० डॉलर हातात पडले. कर्करोगाच्या उपचाराला ते काय पुरणार? न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांचं मतही सैनिकांना अनुकूल नव्हतं. अमुक माणसाचा तमुक आजार याच रसायनाने झाला, हा दुवा पुराव्याने जोडलेला नाही असं ते म्हणत. कोर्टाच्या चौकटीत त्यांचं चुकीचंही नव्हतं, कारण असा दुवा एकेका माणसापुरता कोणालाच जोडता येत नाही.

खरं वळण आलं ते ६ फेब्रुवारी १९९१ ला, एजंट ऑरेंज कायद्यावर राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांची सही झाली तेव्हा. कायद्याने सैनिकाकडे पुरावा मागणंच सोडून दिलं. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनामच्या भूमीवर पाय ठेवलाय ना? मग रसायनाशी संबंध आलाच, असं धरायचं. आजार यादीत आहे ना? मग तो त्यामुळेच झाला, असं धरायचं. यादीत काय असावं ते ठरवायला राष्ट्रीय विज्ञान अकादमीने दर दोन वर्षांनी सगळं संशोधन चाळून अहवाल द्यायचा. त्यातही शंभर टक्के खात्रीची अट नाही. संबंध असल्याचा पुरावा नसल्याच्या पुराव्याइतका जरी भरला, तरी पारडं सैनिकाकडे.

मग यादी वाढत गेली. लिम्फोमा, फुप्फुसाचा कर्करोग, १९९६ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग, २००१ मध्ये टाइप-टू मधुमेह, २०१० मध्ये हृदयविकार आणि पार्किन्सन्स, आणि २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने चक्क उच्च रक्तदाब. आपल्याकडे ज्याला ‘बीपी सगळ्यांनाच असतं’ म्हणून बोर्ड बाजूला सारतं, तोच.

त्याहून मोलाची मला वाटते ती ‘नेहमर’ नावाच्या खटल्यातली तडजोड. नवा आजार यादीत आला की खात्याने जुनी दप्तरं स्वतः उघडायची, ज्यांचे अर्ज पूर्वी फेटाळले होते त्यांना शोधायचं, आणि पैसे द्यायचे ते पहिल्या अर्जाच्या तारखेपासून. माणूस वारला असेल तर त्याच्या वारसांना. सरकारी कचेरी आपण होऊन जुनी फाइल काढते आणि सांगते की तुमचे इतके पैसे निघतात! आपल्याला हे वाचतानाही खोटं वाटतं.

पण त्या देशाची आरती ओवाळायचीही गरज नाही. किनाऱ्याजवळच्या जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना, जमिनीला पाय लागला नाही म्हणून, २०१९ पर्यंत झगडावं लागलं. अमेरिकेच्या बाजूने सव्वातीन लाखांच्या आसपास कोरियन सैनिक लढले. त्यांच्यापैकी हजारोंना सोलच्या उच्च न्यायालयाने २००६ मध्ये भरपाई मंजूर केली, आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती क्लोरॲक्ने असलेल्या ३९ जणांपुरती ठेवली. ज्यांच्या डोक्यावर हे सगळं पडलं त्या व्हिएतनामी लोकांचा दावा त्याच न्यायाधीश वाइनस्टाइन यांनी २००५ मध्ये फेटाळला, आणि वरच्या कोर्टांतही त्यांना दाद मिळाली नाही. विष एकच होतं. कायद्याने ज्याच्यासाठी गृहीत धरलं त्याला मिळालं, ज्याच्यावर सिद्ध करायची पाळी आली तो रिकाम्या हाताने गेला.

भारतीय सैनिकाचा रसायनांशी संबंध काय, असं कोणी म्हणेल. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या पोर्टन डाउनच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला भारतीय जवानांना मस्टर्ड गॅसच्या खोल्यांत धाडलं होतं, काहींना नुसत्या शर्ट-हाफपँटवर. ही कागदपत्रं २००७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रात आली. जवानांची कातडी भाजली, काही दवाखान्यात पडले. पुढे आयुष्यभर त्यांचं काय झालं हे बघायला मात्र कोणी गेलं नाही. त्यांना भरपाईचा कायदा लावायचा म्हटलं तरी आता कोणाला लावणार?

आता आपल्या नियमांकडे येऊ. सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनसाठी १९८२ मध्ये हक्क-नियम आले. त्यातल्या नवव्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं की हक्काच्या अटी सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर टाकू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा. म्हणजे एजंट ऑरेंज कायद्याच्या नऊ वर्षं आधी ही गोष्ट आपल्याकडे छापलेली होती! भरती होताना डॉक्टरने आजाराची नोंद केली नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं, म्हणजे आजार सेवेतच आला. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हेच ठासून सांगितलं. सिग्नल्समधल्या या जवानाला फेफऱ्यामुळे घरी पाठवलं होतं आणि ‘सेवेशी संबंध नाही’ म्हणून पेन्शन नाकारली होती. कोर्ट म्हणालं, आजार भरतीच्या तपासणीत का दिसू शकला नसता याची कारणं बोर्डाने लिहायला हवी होती. ती लिहिली नाहीत, तेव्हा फायदा जवानाला.

तर वाचकाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे: सिद्ध तुम्ही करायचं नाही. संबंध नाही हे बोर्डाने कारणांसह दाखवायचं. मग एवढं असूनही लोक सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे का उभे असतात? कारण अमेरिकेत गृहीत धरण्याचं काम कचेरी करते, आपल्याकडे ते एकेका माणसाला कोर्टाकडून करून घ्यावं लागतं. कोर्टात जो जाईल त्याला मिळतं, आणि पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या माणसाला अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन यायचं तरी एक आख्खा दिवस मोडतो.

यात पैसा किती, तेही सांगतो. अपंगत्व शंभर टक्के असेल तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम दरमहा मिळते. वेतन ४०,००० धरलं तर १२,०००. अपंगत्व २० टक्के असेल तर साध्या गुणाकाराने २,४०० येतात. पण पन्नासच्या खालचं अपंगत्व पन्नास धरायचं, अशी तरतूद आहे, म्हणून ६,०००. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू, असं राम अवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये ठरलं. अशा निवृत्तांना २० टक्क्यांच्या खाली मात्र काही नाही. बोर्डाने १५ ते १९ टक्के लिहिलेला कागद पेटीत निघाला, तर तो पुन्हा एकदा जाणकाराला दाखवा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत.

आणि आता या भागातली सगळ्यात काळजीची गोष्ट. १९८२ च्या नियमांच्या जागी आलेल्या २००८ च्या नियमांनी एक पाचर मारून ठेवली आहे. निवृत्तीला पंधरा वर्षं उलटल्यावर अर्ज केला आणि तोवर सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झालेले असले, तर सिद्ध करायचं ओझं पुन्हा अर्जदाराच्या डोक्यावर येतं. गोळीच्या जखमेला पंधरा वर्षं भरपूर झाली. पण हळू उगवणाऱ्या आजाराचं काय? ज्याला रंगाच्या, इंधनाच्या, स्फोटकांच्या धुरात वर्षानुवर्षं काम करावं लागलं, त्याचा आजार कदाचित पंधरा वर्षांनीच दार ठोठावेल. निवृत्तीनंतर उशिरा प्रकट झालेला आजारही सेवेमुळेच आला असं मानायची सोय नियमांत आहे, पण तीही मोजक्या वर्षांपुरती. एजंट ऑरेंजच्या पीडितांना ही पंधरा वर्षांची अट असती, तर त्यांच्यातले निम्मे आजार अर्ज भरायच्या आधीच बाद झाले असते, असं मला वाटतं.

महाडमध्ये हा विषय फौजेपुरता राहत नाही. निवृत्त जवान बऱ्याचदा एमआयडीसीत सुरक्षारक्षक म्हणून लागतो आणि त्याचा मुलगा तिथेच प्लँटवर असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन ११ कामगार गेले, तेव्हा मृत्यू कशाने झाला हे कोणाला शोधावं लागलं नाही. पण पंधरा वर्षं सॉल्व्हंटच्या वासात उभं राहून ज्याचं यकृत खराब होतं, त्याला बाहेर ‘दारू पीत असेल’ म्हणतात. त्याच्यासाठीही कायद्यात गृहीतक आहे, आणि ते १९२३ पासून आहे. कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी दिलेली होती. बेंझीन, पारा, क्रोमियम, शिसं, हॅलोजनयुक्त हायड्रोकार्बनं यांच्यामुळे होणारे आजार त्यात होते. त्या कामावर सलग सहा महिने असलेल्या कामगाराला यादीतला आजार झाला तर तो कामावरचा अपघातच समजायचा, उलट सिद्ध करायचं मालकाने. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रचना ठेवली आहे. अडचण एकच: ठेकेदाराकडच्या कामगाराकडे सहा महिने त्याच प्लँटवर होता याचा कागद नसतो. हजेरीपट ठेकेदाराकडे, ठेकेदार दर वर्षी वेगळा. गेटपास, पगाराची चिठ्ठी, पीएफची नोंद, यातलं जे असेल ते टाकून देऊ नका.

माजी सैनिकांनी या आठवड्यात एवढं करावं. पेटी उघडून मेडिकल बोर्डाची प्रत आहे का पाहा. नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागा, आणि भरतीच्या वेळच्या तपासणीची नोंदही त्याच अर्जात मागा, कारण धरमवीर सिंग निकालाचा सारा भार त्या नोंदीवर आहे. पंधरा वर्षं व्हायला आली असतील तर आज मागा. प्रत मिळाली की ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. तिथे नुसतं ‘सेवेशी संबंध नाही’ एवढंच असेल, का नाही ते लिहिलेलं नसेल, तर पहिलं अपील करता येतं. जुने अर्ज मान्य झाले तरी थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना आपल्याच खिशातून जातो. अपिलाचा मसुदा आणि २०२३ चे नवे नियम पुढच्या भागात घेऊ.