सूर्याकडून छपाई करून घेणारा चित्रकार

फोटोग्राफीचा शोध म्हटला की फ्रान्सचा दागेर आणि इंग्लंडचा टॅलबट ही नावे पुढे येतात. १८३९ हे या कलेचे जन्मवर्ष मानले जाते. परंतु त्याच्या सहा वर्षे आधीच ब्राझीलमधील एका लहान गावात एक चित्रकार हेच प्रयोग करीत होता. त्याचे नाव एर्क्यूल फ्लोरांस.

फ्लोरांस १८०४ साली नीस येथे जन्मला. विसाव्या वर्षी तो ब्राझीलला गेला. १८२५ ते १८२९ या काळात लँग्सडॉर्फच्या शोधमोहिमेबरोबर हिंडून त्याने तेथील माणसे, प्राणी व वनस्पती यांची चित्रे काढली. प्राण्यांच्या आवाजांवर एक निबंधही लिहिला. पण तो छापायचा कोठे? जवळपास छापखाना नव्हता. तेव्हा सूर्यप्रकाशाकडूनच छपाई करून घेता येईल का, असा विचार त्याच्या मनात आला.

औषधे बनविणाऱ्या एका मित्राकडून त्याला चांदीच्या क्षारांची माहिती मिळाली. हे क्षार उजेडात काळे पडतात. फ्लोरांसने काचेवर काजळी व डिंक यांचा लेप दिला आणि त्यावर सुईने अक्षरे कोरली. ही काच क्षार लावलेल्या कागदावर ठेवून तो उन्हात ठेवी. कोरलेल्या रेघांतून प्रकाश आत जाई. तेथे क्षाराचे विघटन होऊन चांदीचे सूक्ष्म कण सुटत आणि कागदावर काळी अक्षरे उमटत. औषधांच्या बाटल्यांसाठी त्याने अशी लेबले तयार केली.

खरी अडचण पुढेच होती. कागद उजेडात आणला की उरलेला क्षारही काळा पडणार आणि चित्र नाहीसे होणार! सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, पण अमोनियात विरघळते. चांदीचे कण मात्र तसेच राहतात. म्हणून त्याने अमोनियाने कागद धुतला. मूत्र शिळे झाले की त्यातील युरियापासून अमोनिया बनतो. फ्लोरांसने मूत्राचाही उपयोग केला.

१८३४ साली त्याने आपल्या वहीत या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘फोटोग्राफी’ असे नाव दिले. इंग्लंडमध्ये हर्शेलने हा शब्द रूढ केला तो १८३९ मध्ये. दागेरच्या शोधाची वार्ता आल्यावर फ्लोरांसने श्रेयासाठी भांडण केले नाही. १८७९ साली तो वारला आणि त्याचे काम विस्मरणात गेले.

पुढे ब्राझीलचे इतिहासकार बोरिस कोसॉय यांनी त्याच्या वह्या अभ्यासल्या. १९७६ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे त्याच्या कृतींप्रमाणे प्रयोग करून पाहण्यात आले आणि ते यशस्वी ठरले. कोणता पदार्थ घेतला, काय केले, काय दिसले, हे सारे त्याने लिहून ठेवले होते. म्हणूनच जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही त्याचा दावा तपासता आला. प्रयोगवहीचे मोल यातच आहे.