धानाचे घर आणि बारा महिन्यांचा जमाखर्च

घरखर्चाचे अंदाजपत्रक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पगारदाराचे घर उभे राहते. पहिल्या तारखेला ठराविक रक्कम हाती येते, तिचे किराणा, दूध, वीज, शाळा असे वाटे पडतात आणि महिनाअखेर थोडी ओढाताण होते. आमच्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणेही याच साच्याची. लाखनीच्या आसपासच्या खेड्यांत मात्र हा साचा पुष्कळ घरांना बसत नाही. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते उन्हाळी धान घेतात. बाकीच्यांकडे धान वर्षातून एकदाच घरात येते. खर्च मात्र रोजचा असतो.

उत्पन्न व खर्च यांची तुलना करून कुटुंबाची स्थिती ठरविण्याचा एक जुना आणि उत्तम प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. गावकऱ्यांच्याच राहणीच्या मानाने आवश्यक खर्च किती, हे ठरवून त्यांनी कुटुंबांचे तीन वर्ग पाडले : शेतीवर भागणारी, शेतीला बाहेरच्या कमाईची जोड देऊन भागणारी, आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. सुमारे १०० कुटुंबांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश तिसऱ्या वर्गात निघाली. ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. पण मॅनसाहेबांचा प्रश्न आमच्या गावाला आजही विचारता येतो. मी तो आमच्याच घराला विचारून पाहिला.

आमची शेती एक हेक्टर, माणसे पाच. बाबा शेती सांभाळून लाखनीच्या बाजारात एका दुकानात काम करतात. महिन्याला १०,००० रुपये मिळतात. २०२४ च्या खरिपात ४० क्विंटल धान झाले. त्यातील ११ खाण्यासाठी व १ बियाण्यासाठी ठेवून २८ विकायला उरले. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, म्हणजे ६४,४०० रुपये. नांगरणी, खत, रोवणी, कापणी, मळणी यांवर ३८,००० गेले. घरचा महिन्याचा खर्च १०,००० आणि सणवार, कपडे, शिक्षण, आहेर यांचे वर्षाचे २५,०००. बेरीज-वजाबाकी केली तर वर्षाअखेर १,४०० रुपये शिल्लक राहतात. मॅनसाहेबांच्या हिशेबाने आम्ही दुसऱ्या वर्गात, म्हणजे कसेबसे भागणारे. बोनस, सन्मान निधी यांसारख्या मदती मी मुद्दाम बाजूला ठेवल्या. त्या येतात, पण त्यांची तारीख आपल्या हातात नसते. बांधीत राबलेल्या आईची मजुरीही कोठेच धरलेली नाही. धरली तर शेती तोट्यात जाईल, आणि हा विषय घरात काढण्यासारखा नाही.

आता घरच्या तांदळाकडे वळू. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम मांडला : उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटतो. २०२३-२४ च्या सरकारी उपभोग-खर्च पाहणीत हा वाटा ग्रामीण भारतात ४७ टक्के, तर शहरी भारतात सुमारे ४० टक्के निघाला. आमच्या घरी किराणा, दूध, भाजी मिळून महिन्याला ४,२०० रुपये जातात. नुसते एवढेच मोजले तर अन्नाचा वाटा ३५ टक्के येतो आणि आम्ही शहरवासीयांहूनही सुखवस्तू ठरतो! कोठीतल्या ११ क्विंटल धानाची किंमत, २५,३०० रुपये, खर्चात मिळवली की तोच वाटा ४४ टक्क्यांवर जातो. सरकारी पाहणीतही घरचे धान्य असेच किंमत लावून धरतात. म्हणून हिशेब मांडताना घरचा तांदूळ, धुऱ्यावरची तूर, बांधीतली लाखोळी जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंना लिहावी. ज्यांना शिधापत्रिकेवर धान्य मिळते त्यांनी तेही लिहावे.

परंतु खरी गोम वर्षाच्या बेरजेत नाही, महिन्यांच्या क्रमात आहे. बाबांची मजुरी रोजच्या खर्चात बरोबर संपते. मृगापासून मंडईपर्यंत, म्हणजे धानाचे पैसे येण्याआधीच, शेतीचे ३८,००० लागतात आणि त्याच काळात प्रवेश-शुल्क, पोळा, दिवाळी व मंडईचे पाहुणे मिळून १५,०००. शेतीपुरते सोसायटीचे पीककर्ज मिळते व वेळेत फेडले तर व्याजाचा भार पडत नाही. उरलेल्या १५,००० साठी व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते. त्याची अट एकच : धान त्यालाच द्यायचे, क्विंटलमागे २०० रुपये कमी घेऊन. २८ क्विंटलवर ५,६०० रुपये गेले. कागदावरची १,४०० ची शिल्लक अशा रीतीने ४,२०० ची तूट होते. उत्पन्न घटले ते खर्च वाढल्यामुळे नव्हे, तर पैसा चार महिने उशिरा आल्यामुळे.

उलट बाजूने पाहा. उचल नसेल तर धानाच्या ६४,४०० मधून कर्जाचे ३८,००० फेडून आणि उन्हाळ्यातले १०,००० खर्चून १६,४०० उरतात. त्यांतील १५,००० जूनपर्यंत टिकले तर पुढच्या वर्षी उचलीची गरज नाही. साऱ्या वर्षाचा हिशेब या एका रकमेवर तोललेला आहे. मला बी.ए. नंतर एम.ए. साठी नागपूरला जायचे आहे, तेथील राहण्याजेवणाचा प्रश्नही त्यापुढचाच.

ही रक्कम टिकत नाही ती वैशाखातल्या लग्नांमुळे, असे माझे मत. आईला ते मान्य नाही. तिच्याकडे आहेराची वही आहे. कोणी किती दिले आणि आपण कोणाला किती दिले, हे वीस वर्षांचे त्यात लिहिलेले आहे. आहेर हा खर्च नसून ठेव आहे, असे ती म्हणते. वही चाळल्यावर तिचे म्हणणे बरेचसे खरे वाटते. बहुतेक रकमा परत आलेल्या आहेत. फक्त त्या आपल्या घरच्या लग्नातच परत येतात, जून महिन्यात नव्हे. शेवटी असे ठरले की धान मोजून झाले त्याच दिवशी १५,००० रुपये सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकायचे आणि आहेर उरलेल्या पैशांतून करायचा. यंदा वैशाखात दोन लग्ने आहेत, त्यांपैकी एक मावशीच्या घरचे.