समुद्राकडे पाठ फिरवलेलं खोरं

मीरा-भाईंदरच्या नकाशात पाली अगदी पश्चिमेच्या टोकाला आहे. उत्तन, चौक, डोंगरी ही सख्खी शेजारगावं. मागे टेकाडं, पुढे समुद्र. आमच्याकडे पावसाची, वाऱ्याची, मासळीची सगळी बोलणी पश्चिमेकडे तोंड करून होतात. पूर्वेकडे बघायचं ते फारतर चौकजवळच्या धारावी किल्ल्याच्या टेकाडावरून. वसईच्या १७३७-३९ च्या मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज या किल्ल्यासाठी हट्टाने झुंजले होते. हवा स्वच्छ असली की तिथून खाडीपल्याड तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाची रांग दिसते. त्यामागे सह्याद्रीची मुख्य भिंत, आणि भिंतीच्या वर, पलीकडच्या अंगाला, प्रवरेचं खोरं.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं हे खोरं मुंबई-ठाण्याच्या लोकांना ‘भंडारदरा’ एवढ्याच नावाने माहीत असतं. शनिवारी जायचं, धरणावर फोटो काढायचे, भजी खायची आणि रविवारी परत. त्यात वाईट काही नाही, पण तेवढ्यात हे खोरं हाती लागत नाही. उत्तरेला कळसूबाईची रांग, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग हे तीन बेलाग किल्ले आणि घाटघरचा कडा, दक्षिणेला रतनगड आणि घनचक्कर, आणि या सगळ्यांच्या मध्ये पाणी. हे पाणी जातं कुठे, एवढा एकच प्रश्न धरून फिरलं तर खोऱ्याचा भूगोल कळतो, इतिहास कळतो आणि थोडंफार राजकारणही कळतं.

प्रवरा रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते. पूर्वेला निघते, अकोले, संगमनेर करत गोदावरीला मिळते आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात पोचते. घाटमाथ्यावरच्या साम्रद गावात मात्र गंमत आहे. गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस प्रवरेत जातो. काही शेतं ओलांडून पलीकडे पडलेला पाऊस सांदण दरीत घुसतो, कोकणात कोसळतो, शहापूर तालुक्यातल्या ओढ्यांतून उल्हास नदीच्या कुटुंबात सामील होतो आणि शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. म्हणजे आमच्याच दाराशी. मीरा-भाईंदरच्या नळांना येणारं शहाड-टेमघर योजनेचं पाणीही याच उल्हासच्या खोऱ्यातलं.

आता दगडाविषयी, कारण इथे सगळं दगडावर येऊन थांबतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा भेगांवाटे बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. दख्खनचं पठार घडलं ते असं. पश्चिम घाटातल्या या थरांची भूवैज्ञानिकांनी वर्गवारी केली तेव्हा सगळ्यांत खालच्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या गटाला ‘कळसूबाई उपगट’ असं नाव दिलं. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी त्यातल्या थरांची नावं आहेत. कुठल्याही कड्याकडे नीट पाहिलं तर थर मोजता येतात. कठीण थराचा उभा कातळ, मग ठिसूळ थराची गवताळ पायरी, पुन्हा कातळ. किल्ले बांधणाऱ्यांनी याच गवताळ पायऱ्यांवरून वाटा काढल्या आणि कातळात टाकी, गुहा खोदल्या. आमच्या उत्तन-गोराई-मनोरीच्या किनाऱ्याचा दगड मात्र या घराण्यातला असूनही वेगळा. तो रंगाने फिकट, सिलिका जास्त असलेला, आणि वयाने धाकटा, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांचा. घाटावरचा काळा बसाल्ट आणि आमच्या किनाऱ्यावरचा हा फिकट दगड हातात धरून पाहिले तर फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. बारी गावातून आठ-नऊशे मीटरची चढाई आहे. कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावल्या आहेत, त्यामुळे आता आजीबाईसुद्धा नवरात्रात वर जातात. शिखरावर जेमतेम काही माणसं मावतील एवढं देवीचं देऊळ. कळसू ही कोळ्याची मुलगी, अशी कथा आहे. इंदोर गावच्या पाटलाकडे ती कामाला राहिली, अट एवढीच की केर काढणं आणि भांडी घासणं सोडून काहीही सांगा. एक दिवस पाहुणे आले, पाटलीणबाईंनी भांडी घासायला लावली. तिने घासली आणि डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. तिने भांडी घासली ती जागा म्हणजे थाळेमेळ. महाराष्ट्राच्या माथ्यावर बसलेली देवी ही अटीचा भंग होताच नोकरी सोडणारी मोलकरीण आहे, ही गोष्ट मला कुठल्याही पराक्रमाच्या कथेपेक्षा जास्त आवडते.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. ते घाईत पाहू नये. परंपरेने ते शिलाहार राजा झंझ याच्या नावावर आहे. हा उत्तर कोकणचा राजा. अरब प्रवासी अल्-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे त्याचं राज्य असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. आम्ही राहतो ती साष्टीही शिलाहारांच्याच अमलाखाली होती. देवळाचं शिखर मात्र भूमिज धाटणीचं. छोट्या शिखरांच्या माळा एकावर एक रचत नेलेल्या. अंबरनाथच्या १०६० सालच्या मंदिराशी त्याचं नातं उघड दिसतं, त्यामुळे आज उभं असलेलं काम झंझानंतरचं असावं असं मला वाटतं. जवळच चौकोनी पुष्करणी आहे, भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत विष्णुमूर्ती. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी बुडते. खांबांवरचं कोरीव काम हाताने चाचपून पाहिलं तर कळतं की हा तोच हट्टी बसाल्ट आहे. यात कमळाची पाकळी उठवायला छिन्नीला किती धार लावावी लागली असेल!

रतनगडावर याच गावातून जाता येतं. शेवटच्या शिड्या चढल्या की गणेश दरवाजा. माथ्याच्या एका टोकाला नेढं आहे, म्हणजे डोंगराच्या आरपार गेलेलं भोक. वाऱ्याने आणि पाण्याने ठिसूळ थर कोरून काढला आणि वरचा कठीण थर छतासारखा उरला. नेढ्यात बसलं की वारा कानात नुसता घोंघावतो. समोर खुट्टा सुळका, पलीकडे आजोबाचा डोंगर.

आणि सांदण. आंतरजालावर हिला ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’ म्हणतात. असं कुणी कधी मोजलंय, हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. या बिरुदाची तिला गरजही नाही. साम्रदच्या झाडीतून चालता चालता जमीन एकाएकी फाटते आणि माणूस तिच्यात उतरतो. दोन्ही बाजूंना शे-दोनशे फुटांच्या सरळ भिंती, मधला रस्ता कुठे पाच-दहा फूट, कुठे त्याहून कमी. ऊन आत पोचतं ते दुपारी थोडा वेळ. खाली ओबडधोबड शिळा, काही घराएवढ्या. दोन ठिकाणी पाण्यातून जावं लागतं. पहिला डोह मांडीपर्यंत, दुसरा कमरेच्या वर, आणि थंडीत ते पाणी हाडात शिरतं. आमच्याबरोबरचा साम्रदचा वाटाड्या निवांत म्हणाला, “दादा, बूट काढू नका, दगड कापतो. घरी जाऊन वाळवा.” पुढे दरी कड्यावर येऊन थांबते. खाली जायचं तर दोर लावून टप्पे उतरावे लागतात. दोर, हेल्मेट आणि जाणता माणूस नसेल तर डोहापर्यंत जाऊन माघारी फिरावं. पावसाळ्यात तर सांदणात पाऊलच ठेवू नये. वर आभाळ मोकळं असलं तरी माथ्यावर पडलेल्या सरीचं पाणी या फटीत भिंतीसारखं येतं, आणि बाजूला सरकायला जागा नसते.

सांदणच्या शेजारून करोली घाट उतरतो. अशा घाटवाटांनी कोकणचं मीठ आणि सुकी मासळी शतकानुशतकं वर चढली. वाटा पायाखालच्या राहिल्या नाहीत, व्यवहार राहिला. राजूरच्या आठवडे बाजारात पेढ्यांच्या दुकानांपलीकडे सुकट-बोंबलाचा वास आला की आमच्याकडच्या माणसाची मान आपोआप वळते.

या वाटांनी बंडखोरही वरखाली गेले. देवगावचे राघोजी भांगरे, महादेव कोळी समाजातले. सावकार आणि कंपनी सरकार या दोघांशीही ते झुंजले. पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाताना हे आठवत नाही, भंडारदऱ्यात त्यांच्या गावाची पाटी दिसली की आठवतं.

भंडारदऱ्याचं धरण १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचं नाव त्याला मिळालं. उंची ८२ मीटर, सगळी दगडी चिरेबंदी. साठवण सुमारे ११ टीएमसी. पण हे पाणी कुणासाठी? ते ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत जातं आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या मळ्यांत पोचतं. याच पाण्यावर तिकडे ऊस उभा राहिला आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभारला. सहकाराच्या इतिहासात या खोऱ्याचं नाव सोन्याच्या अक्षरांत आहे, पण ते खालच्या खोऱ्याचं. वर घाटघर, रतनवाडीला पाऊस पाच हजार मिलिमीटर ओलांडतो, आणि मे महिन्यात तिथल्याच वाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी ताटकळतात. कातळ पाणी धरत नाही, हे एक कारण. दुसरं कारण कालव्याच्या दिशेत आहे.

घाटघरला तर पाण्याची दिशाच माणसाने उलटवली. २००८ साली तिथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. वर प्रवरेवर एक धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरं, आणि दोन्हींमध्ये डोंगराच्या पोटातून बोगदे. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी चारशे मीटरच्या आसपास खाली सोडायचं आणि वीज करायची. रात्री मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवायचं. वीज मिळते त्यापेक्षा जास्त खर्ची पडते, तरी हिशेब बसतो, कारण गर्दीच्या वेळची वीज महाग असते. पूर्वेला जाणारं पाणी रोज कोकणात उतरतं आणि रोज परत घाट चढतं, असं दृश्य दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

१९८६ पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. शेकरू इथे दिसतं, बिबट्याही असतो. बिबट्याच्या पल्ल्याचा अंदाज आपल्याला आला तो याच जिल्ह्यातल्या एका प्राण्यामुळे. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्कर बिबट्याला बाहेर काढलं, जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याला जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेजला सोडलं. त्याला ‘आजोबा’ म्हणत. आजोबा घाट उतरला, आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याची रेल्वे ओलांडून महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालला, वसईची खाडी पोहला आणि संजय गांधी उद्यानाच्या नागला भागात, म्हणजे आमच्या महापालिकेच्या वेशीला लागून, मुक्कामाला आला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेत तो गेला. २०१४ साली त्याच्यावर ‘आजोबा’ नावाचा चित्रपट आला.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात. त्यासाठी इतक्या गाड्या येतात की हेडलाइटांच्या उजेडात काजवेच दिसेनासे होतात. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे आठवडे उत्तम. भाताची कापणी होत आलेली, खळी सारवलेली, आभाळ धुतलेलं. काळभाताच्या तांदळाचा वास घराबाहेर येतो. इथलंच बियाणं टिकवण्यासाठी याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुक्काम गावातल्या घरी करावा, नाचणीची भाकरी मागावी आणि पैसे देताना घासाघीस करू नये.

पालीहून जाताना घोडबंदर, भिवंडी, कसारा घाट, घोटी असं जावं. येताना, दोर आणि माहितगार सोबत असतील तर, सांदणातून किंवा करोली घाटाने डेहण्याला उतरावं आणि आसनगावला लोकल पकडावी. डेहण्याहून स्टेशनापर्यंत जीप मिळते, पण अंधार पडल्यावर तिचा भरवसा नसतो. तेव्हा ती आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.