बहात्तराव्या हिश्श्याचे स्पिटफायर

एखाद्या लढाऊ विमानाची प्रतिकृती प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुळवावी, तिला मूळ विमानाचे रंग द्यावेत आणि ती कपाटात मांडून ठेवावी, हा छंद एकट्याने करण्याचा आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि दिव्याच्या उजेडात चिमटा हाती धरून रात्र रात्र बसलेला छांदिष्ट पाहिला म्हणजे ती समजूत सहज दृढ होते. परंतु या छंदातील अव्वल दर्जाच्या पुष्कळ कामांमागे एक माणूस नसून एक मंडळी असते. दहा-वीस जणांनी मिळून एक विषय मुक्रर करायचा, तीन-चार महिन्यांची मुदत ठरवायची, त्या विषयातले एकेक विमान प्रत्येकाने निवडायचे, काम चालू असताना त्याची छायाचित्रे एकमेकांना दाखवायची आणि मुदतीअखेर सगळी विमाने एका मेजावर मांडायची, अशी ही रीत आहे. या मंडळींत तिला ‘ग्रुप बिल्ड’ म्हणतात. पाव हिश्श्याहून अधिक तयार झालेले विमान दाखल करू नये, असा एखादा नियम बहुधा असतो. बाकी सगळा कारभार परस्परविश्वासावर चालतो. सोबतीचा आनंद यात आहेच. पण एकट्याला जी गोष्ट क्वचितच साधते, ती पुराव्याची कसून छाननी या रीतीने साधते, आणि म्हणून तिचा परिचय मराठी वाचकांस करून द्यावा असे मला वाटते.

प्रतिकृतींच्या आकाराचे जे प्रमाण आज जगभर रूढ आहे, ते १:७२ हे प्रमाण इंग्लंडातून आले. १९३२ साली ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकडी विमानांचे संच तेथे विकावयास आले, तेव्हा सहा फुटांस एक इंच असा साधा हिशेब धरण्यात आला होता. म्हणजे सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. या संचांच्या खरेदीदारांची एक लीगही लवकरच निघाली, यावरून एकत्र बसून विमाने करण्याची हौस या छंदाइतकीच जुनी आहे हे दिसून येईल. पुढे महायुद्धात याच प्रमाणाला निराळेच महत्त्व आले. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे आकाशातील काळ्या आकृतीवरून क्षणार्धात ओळखता यावे म्हणून १९४२ साली अमेरिकन आरमाराने देशभरच्या शाळकरी मुलांकडे ५ लाख लाकडी प्रतिकृतींची मागणी केली. पस्तीस फुटांवर धरलेली बहात्तराव्या हिश्श्याची प्रतिकृती अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते, असा त्यामागे हिशेब होता. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत पोरांनी लाकूड तासले, साच्यांशी ताडून पाहिले आणि काळा रंग देऊन ती विमाने तोफचींच्या शिक्षणासाठी धाडून दिली. मुलांच्या हातच्या कामात एका रेषेची चूक राहिली तर उद्या कोणी आपल्याच माणसावर तोफ डागील, ही जाणीव त्या कामामागे होती. अचूकतेला एवढे मोल क्वचितच कोणत्या छंदात आले असेल.

लाकडाची जागा प्लॅस्टिकने घेतल्यावर हा छंद सर्वांच्या आवाक्यात आला. १९५३ साली ‘एअरफिक्स’ कंपनीने स्पिटफायर या लढाऊ विमानाचा संच वुलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांस विकण्यास सुरुवात केली, तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांची बोटे त्या गोंदाने चिकट झाली. त्या पहिल्या संचातील विमान मूळ विमानाशी फारसे इमान राखणारे नव्हते, आणि थोड्याच वर्षांत कंपनीने त्याच्या जागी अधिक चांगला संच आणला. १९६३ साली ब्रिटनमध्ये प्लॅस्टिक प्रतिकृतिकारांची जी सोसायटी स्थापन झाली तिच्या शाखा आज अनेक देशांत आहेत, तिचे वार्षिक प्रदर्शन टेलफर्ड येथे भरते, आणि जपानात तामिया कारखान्याचे गाव शिझुओका हे या मंडळींचे दुसरे क्षेत्र होऊन बसले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्याला हा छंद खरोखर जडला आहे, तो ‘स्पिटफायर’ कधीच करीत नाही. स्पिटफायरे वीस हजारांवर तयार झाली, त्यांच्या आवृत्त्या वीसाहून अधिक निघाल्या, आणि त्यांतील प्रत्येक विमानाला स्वतःचा क्रमांक, स्वतःची अक्षरे आणि स्वतःचे प्राक्तन होते. तेव्हा तो एक विशिष्ट विमान निवडतो. इतकेच नव्हे तर त्या विमानाच्या आयुष्यातील एक विशिष्ट दिवस निवडतो, कारण मे महिन्यातील विमान आणि जूनमधील तेच विमान पुष्कळदा एकसारखे नसते.

उदाहरणादाखल १३२ व्या स्क्वाड्रनचे स्पिटफायर घ्या. युद्धनिधीस देणग्या देणाऱ्या शहरांची आणि संस्थानांची नावे स्क्वाड्रनांना देण्याचा परिपाठ त्या काळी होता, आणि या स्क्वाड्रनच्या नावात ‘सिटी ऑफ बॉम्बे’ हे शब्द आले ते त्याच परिपाठाने. तिच्या चिन्हावर बिबट्या आहे, विमानांच्या धडावर ‘एफएफ’ ही अक्षरे असत, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी तिची विमाने एका ऑस्ट्रेलियन आणि एका ग्लासगोच्या स्क्वाड्रनच्या बरोबरीने दक्षिण इंग्लंडातून उडत होती. (निजामाच्या देणगीने ‘हैदराबाद’ नाव मिळालेली १५२ वी स्क्वाड्रनही अशीच, त्या दौलतीत मराठवाड्याचे जिल्हे होते, हे मराठी माणसाने विसरू नये.) हे विमान ६ जून १९४४ या तारखेचे करावयाचे, असे मंडळीतील एकाने ठरवले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो पट्ट्यांचा.

त्या पट्ट्यांची हकीकत अशी. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या स्वारीत सैन्य वाहून नेणाऱ्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ विमाने दोस्तांच्याच जहाजांनी आणि तोफांनी पाडली. तो प्रसंग नॉर्मंडीला पुन्हा ओढवू नये म्हणून दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर पांढरे-काळे पाच पट्टे ओढण्याचा हुकूम निघाला. आणि शत्रूला त्याचा सुगावा लागू नये म्हणून त्याची अंमलबजावणी अगदी शेवटच्या घटकेस, स्वारीच्या आदल्या दिवस-दोन दिवसांत झाली. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा अठरा इंच रुंद. बहात्तराव्या हिश्श्यात त्याचे ६.३५ मिलिमीटर होतात.

हे पट्टे प्रतिकृतीवर कसे उमटतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. खऱ्या विमानावर आधी हिरवा आणि करडा छद्मरंग होता आणि पट्टे त्यावर आले. प्रतिकृतिकार मात्र क्रम उलटा करतो, कारण पांढरा रंग गडद रंगावर नीट बसत नाही. तो प्रथम ती सगळी जागा पांढरी करतो. मग मास्किंग टेपच्या ६.३५ मिलिमीटरच्या तीन फिती कापून पांढरे पट्टे झाकतो, मधल्या दोन फटींत एअरब्रशने काळा रंग मारतो, तो वाळल्यावर सगळाच पट्टा टेपने झाकून टाकतो, आणि मग कोठे खालच्या अंगाला समुद्री करडा आणि वरच्या अंगाला हिरवा व गडद करडा रंग चढू लागतो. पंखाची कड अर्धचंद्रासारखी वळणारी, त्यावर पट्टी सरळ आली पाहिजे आणि डाव्या-उजव्या पंखांवरील पट्टे धडाच्या मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर पडले पाहिजेत. शेवटी टेप हळूहळू, जवळजवळ आपल्याच अंगावर दुमडत काढायची असते. त्या वेळी भल्याभल्यांचा श्वास रोखलेला असतो.

एवढे परिश्रम करून रेषा सरळ आली, आणि नेमका तेथेच मंडळीतला दुसरा एक गृहस्थ विचारतो, ‘पण ही रेषा इतकी सरळ कशी?’ कारण मूळ पट्टे जमिनीवरील मेकॅनिकांनी घाईघाईने, बहुतेक ठिकाणी हातच्या ब्रशनेच ओढले होते. कोणी खडूची दोरी झटकून रेषा आखली असेल, कोणी डोळ्यांच्या अंदाजाने काम उरकले असेल. काही छायाचित्रांत कडा वेड्यावाकड्या दिसतात, काहींत बऱ्याच नेटक्या. मग वाद सुरू होतो आणि सगळ्यांची दप्तरे उघडतात. एकाजवळ त्या तळावरचे एक छायाचित्र असते, दुसऱ्याने स्क्वाड्रनच्या नोंदवह्यांच्या नकला जमवलेल्या असतात, तिसरा बजावतो की त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा रंग काळपट उमटतो, तेव्हा वर्तुळचिन्हाभोवतीचे कडे छायाचित्रात काळे दिसले म्हणून ते काळे समजू नका. चौथा सांगतो की जुलैपासून वरच्या अंगावरचे पट्टे पुसण्यास सुरुवात झाली होती. सबब, तुम्ही दाखवीत असलेले छायाचित्र ऑगस्टचे असेल तर ते ६ जूनच्या विमानास पुरावा होऊ शकत नाही. हा वाद पाहिला म्हणजे मला इतिहास संशोधक मंडळातील एखाद्या कागदाच्या तारखेवरून चाललेल्या चर्चेची आठवण होते. दोहोंतील शिस्त एकच आहे: अमुक असे होते असे म्हणायचे तर साधन दाखवा.

एकट्या माणसाने हेच विमान केले असते तर त्याने संचाबरोबर आलेला रंगांचा तक्ता प्रमाण मानला असता, आणि तो तक्ता पुष्कळदा चुकतो. चार डोळस माणसांपुढे काम मांडायचे आहे ही जाणीव असली की माणूस डबीवरचे चित्र पाहून थांबत नाही. मंडळीमुळे हाताचे कामही सुधारते. दोन अर्धांचे धड जोडताना लागणारा द्राव प्लॅस्टिक विरघळवूनच सांधा एकजीव करतो, तेव्हा तो किती लावावा, सांध्यावर पुटी भरून पॉलिश पेपरने किती घासावे, कॉकपिटवरची पारदर्शक टोपणे फरशीच्या पॉलिशमध्ये बुडवली तर कशी झळाळतात, या गोष्टी पुस्तकांत असतात, पण पटतात त्या कोणीतरी करून दाखवल्यावर. डेकलचे, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील चिन्हांचे, उदाहरण घ्या. खडबडीत रंगावर डेकल चिकटवले तर खाली हवा अडकून ते रुपेरी दिसते, म्हणून आधी वार्निशचा चकचकीत हात द्यावा लागतो. आणि मग ते पृष्ठभागाच्या खाचांत बसावे म्हणून त्यावर जो द्राव लावतात, त्याने ते उकळत्या दुधावरील सायीसारखे सुरकुतते. नवशिक्याला वाटते की सगळे बिघडले, आणि तो बोट लावून ते सारखे करायला जातो. जुना माणूस शेजारी असला की म्हणतो, ‘हात लावू नका, सकाळपर्यंत बसेल.’ आणि ते बसते.

ही सारी संहाराची यंत्रे आहेत, त्यांची इतकी आराधना कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. माझे उत्तर एवढेच, की ज्याने एका विमानाचा एक दिवस शोधून काढला, त्याला त्या वैमानिकाचे नाव कळते, तो त्या उड्डाणावरून परत आला किंवा नाही हेही बहुधा कळते. चांगल्या मंडळींत प्रतिकृतीशेजारी एक चिठ्ठी ठेवण्याची चाल आहे, आणि तीवर हा मजकूर असतो. युद्धाचा उन्माद वाढवण्याची ही रीत नव्हे.

आपल्याकडेही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हा छंद जोपासणारे लोक आहेत, आणि त्यांच्यापुढे जो विषय आहे तो घराजवळचा आहे. १९६४ साली नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जो कारखाना निघाला, त्यात पुढे मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. त्यांचे सर्वस्व या मातीत घडले असे नाही, इंजिने ओरिसातील कोरापूट येथून येत. पण विमानांची अंगे ओझरला उभी राहिली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला वायुसेनेने अखेरचा निरोप दिला. आता प्रतिकृतिकाराच्या दृष्टीने ही विमाने पाहा. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास रुपेरी धातूच्या अंगावर ठिकठिकाणच्या तळांवर हातानेच छद्मरंग चढवण्यात आले. छटा एकसारख्या नव्हत्या, पट्टे कोणत्या दिशेने गेले यालाही सर्वत्र एक नमुना नव्हता, आणि जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांपैकी पुष्कळ काळी-पांढरी आहेत. अशा विषयावर ग्रुप बिल्ड ठरली की वाद लगेच अडतो, कारण नॉर्मंडीच्या पट्ट्यांबाबत जशी साधने पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली, तशी येथे छापली गेलेली नाहीत. ती माणसांच्या स्मरणात आहेत.

तेव्हा नाशिक, ओझर, पिंपळगाव या टापूत, किंवा पुण्याच्या लोहगावसारख्या तळांच्या आसपास, ज्यांच्या घरी वायुसेनेतून वा कारखान्याच्या रंगशाळेतून निवृत्त झालेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांना माझी विनंती आहे की गोपनीयतेस बाध येणार नाही एवढी काळजी घेऊन त्यांना विचारावे: विमानाला कोणता रंग लावला, तो कशात कालवला, ब्रशने की फवाऱ्याने, कोणत्या महिन्यात, कोणाच्या हुकमाने. जुन्या ट्रंकांत रंगीत छायाचित्र सापडले तर त्याच्या पाठीवर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. जवळपास कोणी प्रतिकृतिकार असेल तर त्याला बोलवावे; तो दोन तास शांतपणे ऐकून घेईल आणि सगळे टिपून ठेवील.