खेळाचा तास बुडू देऊ नका



"पोरगं रानात राबतं, त्याला आणखी खेळ कशाला?" असे पुष्कळ पालक विचारतात. पण खुरपे धरून पळणे, उडी मारणे, तोल सांभाळणे येत नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरी अडचण मनुष्यबळाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक आहेत. खेळासाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीला, तीही १०० हून अधिक मुले असतील तर. म्हणून लहान शाळेत वर्गशिक्षकच खेळ घेतात, आणि गणित मागे पडले की पहिला बुडतो तो खेळाचा तास.

येथे गावाने हात लावावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. बैठकीत खेळाचा तास वेळापत्रकात पक्का करून घ्यावा. मैदान खळ्यासारखे तयार करावे: खडे, काचा, काटे वेचावेत, खळगे मुरमाने भरावेत, पाणी मारून रोलर फिरवावा आणि फक्कीने रेघा आखाव्यात.

लहानांना लंगडी, मोठ्यांना खो-खो, असे गट पाडले तर एका शिक्षकालाही तास सांभाळता येतो. साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. उन्हाळ्यात तास सकाळीच ठेवावा, पिण्याचे पाणी जवळ असावे. आणि मुलींना रेघेबाहेर उभे करू नये.

पाण्याची पाळी चुकली की पीक मागे पडते, हे आपणास सांगायला नको. मुलांच्या वाढीचे दिवसही पुन्हा येत नाहीत.